फिर-से भैया

आमच्या बँडच्या गिटारवाल्याला गल्लीत खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. काशीतल्या दुर्गाघाटाच्या उतारावरच्या पानवाल्याने त्याचं दुसरं बारसं केलं आणि ते नाव असं काही चिकटलं की पोस्टमनसुद्धा पाकीट हातात धरून विचारतो, "फिर-से भइया घर पर हैं का?" दुपारी पहिल्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत गिटार आणि ड्रम सुरू व्हायचे, गाणं रंगात यायचं, मध्येच थांबायचं, आणि आतून त्याचा आवाज यायचा, "फिर से!" मग तेच गाणं पहिल्यापासून. पानवाला पानाला चुना लावता लावता हे सगळं ऐकायचा. संध्याकाळी आम्ही घामाने निथळत खाली उतरलो की तो हमखास विचारायचा, "का गुरु, आज गाना पूरा भइल कि ना?"

बहुतेक दिवशी झालेलं नसायचं. आम्ही मुकाट्याने पान घ्यायचो.

मी त्या बँडमधला ड्रम वाजवणारा. घर दूधविनायकाला, नोकरी सकाळच्या शाळेत गणित शिकवण्याची, त्यामुळे दुपार मोकळी. गाणारी वैदेही. तिचे वडील भुसावळचे, रेल्वेतल्या नोकरीमुळे इकडे आलेले. ती विद्यापीठात शिकायला लागली आणि शिकता शिकता आमच्यात आली. आणि तिसरा हा. बेस गिटार, मागचे बारीकसारीक सूर, सगळं तोच मागाहून एकेक करून रेकॉर्डिंगमध्ये भरायचा. कार्यक्रम असला की मात्र बेससाठी कोणाला तरी पकडून आणावं लागायचं. "स्टुडिओत मी चार जण असतो," तो म्हणायचा, "स्टेजवर एकच, आणि तोही घाबरलेला."

कोणी कार्यक्रमाला बोलावलं की तो आधी हात जोडायचा आणि खोलीत जाऊन बसायचा.

त्या खोलीला स्टुडिओ म्हणणं म्हणजे जरा जास्तच आहे. ती त्याच्या वडिलांची, अण्णांची, वेद शिकवायची खोली. विद्यार्थी मोठ्या पाठशाळेत जायला लागले तशी ती रिकामी पडली आणि याने ताब्यात घेतली. त्याच सुमारास ब्रह्माघाट-दूधविनायकाकडच्या मराठी घरांत फोमच्या गाद्या यायला लागल्या होत्या. हा घरोघर जाऊन विचारायचा, "काकू, जुनी गादी टाकताय का?" आणि कापसाची गादी डोक्यावर घेऊन गल्लीतून यायचा. खोलीच्या चारी भिंतींना त्याने त्या गाद्या ठोकल्या. त्यांतली एक आमच्या घरची आहे, मी लहानपणी तिच्यावर झोपलेलो आहे, आणि तिच्यावरचा डाग कसला याची चौकशी वैदेहीने अजून सोडलेली नाही. माझ्या मोठ्या ड्रमचा आवाज फार घुमतो म्हणून त्याच्या पोटात काहीतरी कोंबायला हवं होतं. अण्णांनी आपली जुनी, सोवळ्याची लोकरी धाबळी काढून दिली. म्हणाले, "फाटलीच आहे. घे." सोवळ्यात इतकी वर्षं काढलेली ती धाबळी अजून माझ्या लाथा खाते आहे.

पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते. मे महिन्यातल्या दुपारी त्या गाद्यांच्या पेटीत बसून ड्रम वाजवून बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. काठ्या हातातून निसटायच्या. मी वैतागून म्हणायचो, "अरे, संध्याकाळी करू की!" पण संध्याकाळी कसं करणार? पहाटे घंटा आणि स्नानाची गडबड, सकाळी मोटरबोटी, संध्याकाळी आरत्या, लग्नसराईत वराती. काशीत शांतता कधी असते याचा त्याने एखाद्याने पीएचडी करावी तसा अभ्यास केला होता, आणि त्याचा निष्कर्ष असा की दुपारी देवळांची दारं लागतात, देव विश्रांती घेतात आणि नावाडी नावेतच आडवे होतात, तेवढाच वेळ आपला. "देव झोपले, चला," असं म्हणून तो दाराला आतून कडी घालायचा.

आता कोणी म्हणेल, हल्ली चुकलेला तुकडा कॉम्प्युटरवर कापून टाकता येतो, त्या जागी बरोबर वाजवलेला चिकटवता येतो, मग एवढा त्रास कशाला? हे त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं. दुसऱ्यांची गाणी तो तशी बेमालूम जोडून द्यायचा. स्वतःच्या गाण्याला मात्र ठिगळ नाही. शेवटच्या ओळीत चुकलं तरी पहिल्यापासून. आमच्याशी तो हिंदीतच "फिर से" म्हणायचा; चूक फार मनाला लागली तर घरातला शब्द यायचा, "पुन्हा."

तो शब्द अण्णांचा. अण्णा आता नाहीत, पण त्या घराचा जिना चढताना मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो. अण्णा घनपाठी. शब्द सरळ म्हणायचे, उलटे म्हणायचे, पुढच्या-मागच्या शब्दांशी गुंफून परत म्हणायचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चाललेल्या विद्येतली एक मात्राही हलत नाही. विद्यार्थी कुठे अडखळला की अण्णा रागवायचे नाहीत. स्वतःच्या मांडीवर तळहात आपटायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." की तो विद्यार्थी पहिल्यापासून. आमच्या या मित्रानेही लहानपणी काही वर्षं त्यांच्याकडे संथा घेतली. मग घरी उतरलेला कोणी परदेशी पाहुणा जाताना आपली गिटार सोडून गेला आणि मुलगा त्या गिटारीच्या नादाला लागला. विद्या सुटली, सवय राहिली.

पण त्या खोलीत तो सुखी असायचा, हे मला मान्य केलंच पाहिजे. अ‍ॅम्प जिन्याच्या तळाशी ठेवायचा, माइक वरच्या पायरीवर, आणि मधल्या अंधारातून सूर कसा चढतो ते डोळे मिटून ऐकायचा. आमच्या एका गाण्याच्या मागे खोल घुमारा आहे. इंटरनेटवर ऐकणाऱ्यांना वाटतं, काय महागाचं यंत्र असेल! तो याच्या घरचा पाण्याचा हंडा आहे. त्याने आत तोंड घालून एक सूर धरला होता आणि नेमकी त्याची आई पाणी भरायला आली होती.

दौऱ्यावर मात्र हाच माणूस बघवत नसे. हॉटेलच्या खोलीत शिरल्याबरोबर फ्रिजचा प्लग काढायचा. घरून आणलेल्या रजईत डोकं गुंडाळून झोपायचा. कार्यक्रमाच्या दिवशी जेवायचा नाही. मला याचं नवल वाटायचं, कारण मी अगदी उलटा. मला टाळी लागते, लाजायचं काय त्यात! शाळेत मुलं माझ्याकडे परीक्षेत येईल तेवढ्यापुरतंच लक्ष देतात; स्टेजवर दिवे लागले आणि समोरून आरोळी आली की माझ्या मनगटात वेगळंच बळ येतं. एकदा इंदूरहून परतताना मी त्याला हे सांगितलं. गाडीच्या खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "टाळी चुकलेल्यालाही तेवढीच पडते आणि बरोबर वाजवणाऱ्यालाही तेवढीच. मग मला कळणार कसं?"

"पण मजा येते ना!"

"मला बरोबर आलं की मजा येते. आणि एकदा बरोबर आलं की झालं. ते रोज नव्या गावात जाऊन करून कशाला दाखवायचं?"

मी शेंगदाणे खाल्ले.

मग पुणं झालं. एका कॉलेजचा महोत्सव, मैदान भरलेलं. तिसऱ्या गाण्यात त्याचा गिटारचा मोठा तुकडा होता. त्यात त्याचं बोट एका जागी घसरलं. मला कळलं, कारण मी शेजारी होतो. मैदानातल्या कुणालाही कळलं नाही. लोक नाचत होते. याने हात वर केला, गाणं थांबवलं, माइकपाशी गेला आणि शांतपणे म्हणाला, "पुन्हा." आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. लोकांना वाटलं ही काहीतरी गंमत आहे. हसले, ओरडले. आम्ही त्या जागेपर्यंत आलो, आणि त्या हसण्याने बिथरून तो तिथेच पुन्हा घसरला. परत हात वर, परत "पुन्हा." आता सगळं मैदानच ओरडायला लागलं, "पुन्हा! पुन्हा!" आयोजकांनी शेवटी आवाजच बंद करून टाकला. वैदेही माइक हातात घेऊन तशीच उभी होती, मुक्या माइकसमोर. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती, कारण त्याला खरंच कळत नव्हतं की लोक का हसताहेत. चूक झाली तर पहिल्यापासून, यात हसण्यासारखं काय आहे?

पुण्यानंतर कार्यक्रम बंद. गाणी मात्र चालू राहिली, आणि ते हंड्याचं गाणं इंटरनेटवर इतकं चाललं की दिल्लीहून कार्यक्रम भरवणारे एक गृहस्थ त्याच्या घरी आले. महिन्याभराचा दौरा, लखनौपासून बंगळुरूपर्यंत. सुरुवातीचा कार्यक्रम काशीतच. अट एकच, गाण्यात जे आहेत ते सगळे स्टेजवर दिसले पाहिजेत.

वैदेहीच्या वडिलांची निवृत्ती जवळ आली होती. बिऱ्हाड भुसावळला परत जायचं होतं. तिने घरी सांगून ठेवलं होतं, मला एक संधी द्या. नाही जमलं तर येते तुमच्याबरोबर आणि बी.एड. करते. ती संधी म्हणजे हा दौरा.

तो म्हणाला, "तुम्ही दोघं जा. मी माझी गिटार रेकॉर्ड करून देतो. एकदम परफेक्ट देतो. फक्त बटण दाबायचं."

"म्हणजे मी डब्याबरोबर गायचं?" वैदेही म्हणाली.

"डबा चुकणार तरी नाही."

ती उठली. चप्पल घालता घालता म्हणाली, "यार, तुला माझी प्रत्येक चूक ऐकू येते. मी ऐकू येत नाही." आणि जिना उतरून गेली. तो हंड्याशेजारी बसून राहिला. त्या दुपारी देव झोपले, उठलेही. आम्ही काहीच वाजवलं नाही.

शेवटचा उपाय म्हणून मी अण्णांकडे गेलो. ते शेजारच्याच खोलीत असायचे, भिंतीला पाठ लावून. वय झालं होतं, श्वास पुरत नव्हता. मी सगळी हकिकत सांगून म्हटलं, "अण्णा, तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल तो."

अण्णांनी बसायची खूण केली. मग म्हणाले, "माझं का ऐकेल? स्टेजची भीती त्याला मीच लावली."

आणि त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. मुलगा संथा घेत होता तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या सभेत अण्णांना बोलावलं होतं. मंडप, ध्वनिक्षेपक, बाहेरगावचे पाहुणे, शेवटी शाल. मुलगा शेजारी मांडी घालून बसलेला. मंत्र म्हणता म्हणता अण्णा एका जागी चुकले. समोर कोणाला कळलं नाही. सोबतच्या वैदिकांना कळलं असेल तर ते गप्प बसले. "पण याने मांडीवर हात आपटला," अण्णा म्हणाले. "हळूच म्हणाला, पुन्हा. मी ऐकलं. आणि न ऐकल्यासारखं करून पुढे गेलो. शाल डोळ्यांसमोर होती रे. घरी येताना तो माझ्याशी बोलला नाही. पुढे थोड्याच दिवसांत ती गिटार आली."

मग त्यांनी एकदम विचारलं, "तुमच्या त्या शेवटच्या गाण्यात, मुलगी वर चढत जाते तिथे, तो परवा एक सूर खाली धरत होता. नीट झालं का ते?"

मी बघतच राहिलो. मग लक्षात आलं. गाद्या ठोकल्या तरी भिंत ती भिंतच. एकेक गाणं शेकडो वेळा पहिल्यापासून, आणि पलीकडे जन्मभर ऐकून पाठ करण्याची सवय असलेला माणूस! अण्णांना आमची सगळी गाणी पाठ होती. इंग्रजी ओळीसुद्धा, अर्थ न कळता, उच्चारांसकट.

त्यांनी मुलाला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला.

"काशीतल्या कार्यक्रमाला मी येतो," अण्णा म्हणाले. "पहिल्या रांगेत बसतो. चुकलास तर ऐकेन मी."

तो त्यांच्याकडे बघत होता. "मांडीवर हात आपटाल?"

"आपटेन की."

"मग मी थांबणार. कोणी हसलं तरी थांबणार."

"थांब."

त्याचा चेहरा सैल झाला. समोर चूक पकडणारं माणूस असेल तर त्याला कशाचीच भीती नव्हती. "एक कार्यक्रम करतो," तो मला म्हणाला. "पुढचं नंतर बघू." मी वैदेहीला फोन केला. पुण्याची आठवण काढून ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आता दोघं मिळून थांबवणार मला."

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत, टी-शर्ट घातलेल्या पोरापोरींच्या मधोमध अण्णा, धोतर, उपरणं, कपाळाला गंध. शेजारच्या मुलीने त्यांच्याबरोबर सेल्फी काढला, तो त्यांनी गंभीरपणे काढू दिला. गिटारवाल्याची नजर सगळा वेळ त्यांच्या उजव्या हातावर. आणि तो वाजवत होता काय, वा! समोर अण्णा आहेत एवढ्या भरवशावर तो खोलीत वाजवतो तसं वाजवत होता.

शेवटचं गाणं आलं. वैदेही वर चढत जाते ती जागा. त्या दिवशी ती अशी चढली की माझ्या अंगावर काटा आला. खोलीत इतक्या वेळा म्हटलं, पण ती तिथवर कधी पोहोचली नव्हती. आणि नेमका तिथेच तो चुकला. तोच सूर, खाली. त्याने झटकन अण्णांकडे पाहिलं. त्याचा हात तारांवरून उचलला गेला. मी ठेका सोडला नाही. वैदेहीचे डोळे मिटलेले, आवाज अजून वरच.

अण्णांचा हात मांडीवरून वर उचलला गेला होता. तो तसाच क्षणभर थांबला. मग अण्णांनी तो खाली आपटला नाही. तळवा हळूच समोर केला आणि पुढे सरकवला. जा, पुढे जा.

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वैदेहीकडे. आणि हात तारांवर टेकवून तो तिच्यामागून निघाला. गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहिले होते. वैदेही रडत होती, हसत होती. मी टाळ्या पोटभर ऐकून घेतल्या. तो गिटार पेटीत ठेवत होता.

परतताना रिक्षा सोडून आम्ही गल्लीतून चालत निघालो. वैदेही तिच्या वडिलांबरोबर घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी लखनौची गाडी, आणि हा येणार की नाही ते विचारायची माझी हिंमत नव्हती. तो गिटार पाठीला लावून पुढे. मागे मी, माझ्या खांद्याला धरून अण्णा. पानाच्या दुकानाशी पोहोचलो तशी अण्णांना धाप लागली आणि आम्ही थांबलो. तो वळून मागे आला.

"अण्णा, मी चुकलो होतो."

"हो."

"ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं."

"मग हात का नाही आपटलात? कबूल केलं होतंत." तो एक पाऊल जवळ आला. "त्या दिवशीसारखंच केलंत परत."

अण्णांनी श्वास जमवला. "त्या दिवशी मी माझ्या शालीसाठी पुढे गेलो," ते म्हणाले. "आज ती मुलगी गात होती रे."

खालून नदीकडचा वारा येत होता. मग त्याने अण्णांचा दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "उद्याची गाडी किती वाजता आहे?"

मी सांगितलं.

पानवाला पानावर कात फिरवत आमच्याकडे बघत होता. सवयीने त्याने विचारलं, "का गुरु, आज गाना पूरा भइल कि ना?"

"हां गुरु," फिर-से भैया म्हणाला, "पूरा भइल."